चव्वेचाळीसवर एक

अडाणी माणूस सामन्याचा अंदाज बांधतो, शहाणा माणूस समोरच्याचा अंदाज बांधतो! हे वाक्य माझं स्वतःचं आहे. डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी मी ते कॅन्टीनमध्ये तीन वेळा म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी कुणी ऐकत नव्हतं, तरी म्हटलं.

आमचा खिडक्या बनवायचा कारखाना विस्कॉन्सिनात आहे. म्हणजे हिवाळ्यात आधी खिडकी, मग बाहेर बर्फ, मग पुन्हा बर्फ. दर हंगामात ऑफिसात अमेरिकन फुटबॉलवर पूल, म्हणजे अंदाजांची पैज, लागतं. आठवड्याच्या सगळ्या सामन्यांत कोण जिंकणार ते आधी सांगायचं, आणि नाताळाच्या आधी ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त खरे ठरले तो विजेता. बक्षीस काय? दाराला लागून असलेली, छपराखालची गाडी लावायची जागा! शेजारच्या भिंतीतून कारखान्याची गरम हवा बाहेर पडते, त्यामुळे तिथे बर्फ म्हणून टिकत नाही. राजानंही तिथे घोडा बांधला असता.

मला ती जागा नुसती हौस म्हणून नको होती. गेल्या जानेवारीत मी पार्किंग लॉटच्या पार टोकापासून राजम्याचं भलंमोठं पातेलं घेऊन येत होतो. घसरलो. राजमा गेला दक्षिणेला आणि मी बसलो तो थेट माकडहाडावर! पुढचे दोन महिने मी ऑफिसात उभ्यानं काम केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डेलबर्ट, पुन्हा तिथेच पडलात तर माझ्याकडे रडत येऊ नका." तेव्हापासून बर्फ दिसला की माझे पाय आपोआप काटकोनात वळतात.

यंदा शेवटच्या आठवड्यात मी आणि बिलिंगमधली बर्नाडेट, दोघं अगदी बरोबरीत! आमचे उरलेले अंदाजही सारखेच निघाले. आता निकाल लावणार तो आमच्या विस्कॉन्सिनच्या संघाचा, घरच्या मैदानावरचा सोमवारचा सामना. त्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील, त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून मॅनेजरच्या कॉफीच्या डब्यात टाकायचा. ज्याचा आकडा जवळचा त्याची जागा.

आणि बर्नाडेटचा आकडा अख्ख्या कारखान्याला पाठ! तिच्या नवऱ्याच्या शाळेतल्या जर्सीवर चव्वेचाळीस होता. पाऊस पडो, वादळ येवो, बाई चव्वेचाळीसच लिहिणार.

"मग मी पंचेचाळीस लिहिणार!" मी घरी रोझलिनला सांगितलं. "एकच वर! म्हणजे पंचेचाळीसपासून वरचे सगळे आकडे माझे. अर्धं आकाश माझं!"

"आणि खालचं अर्धं आकाश तिचं," बायको भांडी पुसत म्हणाली. "त्रेचाळीस का नाही लिहीत?"

"हवामान स्वच्छ आहे म्हणतात. गुण पडणार भरपूर."

"विस्कॉन्सिनात डिसेंबरात हवामान स्वच्छ आहे असं कोण म्हणालं?"

या बाईला रणनीती कळत नाही.

सोमवारी दुपारी बर्फ पडायला लागला! आणि असातसा नाही, पिठाची गोणी फाटल्यासारखा. बर्फात चेंडू निसटतो, पळणारे घसरतात, गुण होत नाहीत. मी डब्याकडे धावलो, पण मॅनेजरनं त्यावर चिकटपट्टी लावली होती. बर्नाडेट खिडकीतून बाहेर बघत होती. "काय सुंदर पडतोय ना, डेलबर्ट?" ती म्हणाली.

संध्याकाळी सामना बघायला सासऱ्यांच्या तळघरात जायचं होतं. ओर्व्हिल, माझे सासरे, ही काय चीज आहे ते सांगायलाच हवं. हंगामभर ते हिरवी-पिवळी जर्सी धुवत नाहीत. सामन्याच्या दिवशी कुणी खुर्ची बदलायची नाही, कारण एकदा सासूबाई सोफ्यावरून स्टुलावर बसल्या आणि संघ हरला! त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण सासूबाई अजून माफी मागतात. आपला संघ जिंकावा यापलीकडे दुसऱ्या कशासाठी सामना बघणं म्हणजे त्या तळघरात महापाप. आणि समोर होते शिकागोवाले, म्हणजे ज्यांचं नाव ओर्व्हिल जेवताना घेत नाहीत!

"बाबांसमोर पूलचा 'प'सुद्धा काढू नकोस," रोझलिननं जिन्यावरच बजावलं. "आणि त्यांचा पिकअप आपल्या दाराशी उभा आहे हे लक्षात ठेव."

ते खरंच होतं. माझी गाडी नोव्हेंबरातच वारली होती. ओर्व्हिलनी आपला जुना पिकअप हिवाळाभर वापरायला दिला होता, तोही "जावई आपल्यातलाच आहे" असं म्हणून.

अर्धा सामना संपला तेव्हा आमचे सहा, त्यांचे तीन. एकूण नऊ! नऊ! मला माझं माकडहाड आत्ताच ठणकतंय असं वाटायला लागलं. कपाळ घामानं ओलं. सासूबाईंनी चीजचे तळलेले गोळे पुढे केले, मी ते चावायचे विसरून नुसते गालात साठवत गेलो.

ओर्व्हिलनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "जावई असावा तर असा! आपण पुढे आहोत, तरी बघा कसा पाणी पाणी झालाय पोरगा!"

मी मान हलवली. बोलायला तोंडात जागाच नव्हती.

मग बर्फ थांबला आणि देव जागा झाला. आमचा टचडाऊन, म्हणजे एका झटक्यात सहा-सात गुण! मी ओरडलो. त्यांचा टचडाऊन! मी पुन्हा ओरडलो!

तळघरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"डेलबर्ट," ओर्व्हिल म्हणाले, "तो शिकागोनं केला."

मी घसा धरला आणि खोकत सुटलो. सासूबाईंनी पाठीत दणादण गुद्दे घातले. "गोळा अडकला हो बिचाऱ्याच्या घशात!" रोझलिन मात्र माझ्याकडे असं बघत होती की अडकलेला गोळाही आपण होऊन खाली उतरला असता.

मग दोन्हीकडून गुण पडत गेले आणि सामना शेवटाकडे आला. आमचे तेवीस, त्यांचे वीस. एकूण त्रेचाळीस! शिकागोवाले आमच्या गोलरेषेपर्यंत येऊन थडकले, आणि आमच्या पोरांनी त्यांना जेमतेम एका यार्डावर अडवलं. तळघरात एकच जल्लोष! ओर्व्हिलनी सासूबाईंचा मुका घेतला. फक्त मी जागच्या जागी विझलो. इथेच संपलं तर बर्नाडेट दारात आणि मी बर्फात.

पण अडवल्यामुळे चेंडू आमचा झाला असला तरी पोरं आपल्याच गोलरेषेला पाठ लावून अडकली होती. पुढे सरकता येईना. घड्याळात काही सेकंद उरलेले. तेवढ्यात माझ्या डोक्यात वीज चमकली. अशा वेळी हुशार कोच काय करतो? चेंडू घेऊन मुद्दाम आपल्याच रेषेमागे बसतो! समोरच्याला फुकट दोन गुण मिळतात, पण आघाडी एका गुणाची तरी राहते, आणि मग चेंडू लांब मारून देता येतो. तेवीस आणि बावीस. पंचेचाळीस!

"द्या!" मी किंचाळलो. "द्या त्यांना दोन गुण! देऊन टाका!"

"काय?" ओर्व्हिल वळले.

आणि आमच्या कोचनं तेच केलं! मी खुर्चीवरून उडी मारली, सोफ्यावर चढलो, सोफ्यावरून स्टुलावर. "पंचेचाळीस! पंचेचाळीस!"

"खाली बस!" सासूबाई ओरडल्या. "त्या स्टुलावरून खाली ये रे बाबा!"

उशीर झाला होता. आमच्या पोरानं चेंडू लांब मारायला पाय उचलला, आणि तो बर्फावरून घसरला. अगदी माझ्यासारखा. चेंडू जेमतेम मैदानाच्या मध्यापर्यंत गेला, शिकागोवाल्यानं तो उचलून धाव घेतली, आणि घड्याळ संपता संपता त्यांनी तीन गुणांचा फील्ड गोल मारला. तेवीस विरुद्ध पंचवीस. आम्ही हरलो. एकूण अठ्ठेचाळीस. मी जिंकलो!

टीव्ही बंद झाला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी अजून स्टुलावरच होतो.

"पंचेचाळीस म्हणजे काय, डेलबर्ट?" ओर्व्हिलनी विचारलं. आवाज अगदी मऊ.

मी सगळं सांगितलं. पूल, बर्नाडेट, दाराजवळची जागा, माकडहाड. माकडहाडावर थोडा जास्त भर दिला.

"म्हणजे," ओर्व्हिल म्हणाले, "माझ्या तळघरात, माझ्या बायकोचे चीज गोळे खात, तू गाडी लावायच्या जागेसाठी शिकागोला दोन गुण मागितलेस."

"मी मागितले, पण दिले कोचनं, बाबा!"

त्यांनी हात पुढे केला. "पिकअपची किल्ली."

त्या रात्री रोझलिनच्या गाडीतून घरी गेलो. ती एकच वाक्य बोलली, "त्रेचाळीस लिहिले असतेस तर निदान गप्प बसून हरला असतास."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी सुरेख पाटी लागली. 'डेलबर्ट झीमर, विजेता.' खाली जमीन कोरडी ठणठणीत, भिंतीतून उबदार हवा. जागा रिकामी. कारण माझ्याकडे गाडीच नाही! रोझलिनची गाडी तिच्या ड्युटीला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते, म्हणून मी बसनं येतो. बसचा थांबा कुठे आहे? लॉटच्या पार पलीकडच्या टोकाला! बर्फाचा अख्खा लॉट ओलांडून, पाय काटकोनात ठेवून, मी माझ्या पाटीकडे बघत चालतो.

गुरुवारी गेल्या जानेवारीतल्याच ठिकाणी घसरलो. आडवा पडून बघतोय तर समोर माझं नाव! तेवढ्यात शेजारी एक गाडी थांबली. काच खाली झाली. बर्नाडेट!

"डेलबर्ट, उठवू का?"

"उठव."

"उद्यापासून थांब्यावरून मीच घेत जाईन तुला. गाडी मात्र तुझ्या जागेवर लावीन. रिकामीच असते ना?"

मी बर्फात पडल्या पडल्या मान डोलावली. नाही म्हणायला माणसाला आधी उभं राहता यावं लागतं.

आता मी रोज माझ्याच पाटीखाली, कोरड्या जमिनीवर, बर्नाडेटच्या गाडीतून उतरतो. तिनं एकच अट घातली आहे. पुढच्या वर्षी बरोबरी झाली, तर माझा आकडा आधी मी तिला सांगायचा!