दादाचा भुसा आणि उलटा पंखा

पंखा मी उलटा बसवला म्हणून दादा गेला का, असं मी डॉक्टरांना विचारलं, वहिनीला विचारलं, तेराव्याला आलेल्या भटजींना विचारलं. भटजी दक्षिणा मोजत राहिले. चौदाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता दादाचा भुसा कामावर आला.

आमचा सुतारकीचा कारखाना म्हणजे घरामागची पडवी. आमच्यात थोरला रंधा मारतो आणि धाकटा भुसा झाडतो. दादा गेल्यापासून मी झाडलं नव्हतं. त्या दिवशी कोपऱ्यातला भुसा जमिनीवरून उठला आणि दादाच्या उंचीचा होऊन बाकापाशी उभा राहिला. खांदे फणसाच्या लाकडाचे, म्हणून पिवळे होते. डोकं सागाचं होतं. कानामागे पेन्सिल अडकवायला गेला, ती कानातून खाली पडली.

"दिगू, वहिनीच्या फडताळाचा शेवटचा खण राहिलाय," तो म्हणाला. "फळी घे."

त्याला फळी उचलवत नव्हती. तो सांगायचा, मी कापायचो. उकडायला लागलं की म्हणायचा, "पंखा लाव." हाच तो पंखा. भिंतीतला, आतली हवा बाहेर टाकायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात दादा घामाने निथळत होता, ते मला बघवलं नाही. मी चार स्क्रू काढून पंखा फिरवला, म्हणजे बाहेरचा वारा त्याच्या तोंडावर येईल. वारा आला. भुसाही वर्षभर त्याच्याच तोंडावर आला, नाकात गेला. आता पंखा लावला की दादा खांद्यांपासून पातळ व्हायचा, तरी राहू दे म्हणायचा.

एकदा असाच त्याचा डावा हात दारातून उडाला आणि शेजारी कुंदाकाकूंच्या वाळत घातलेल्या आमसुलांवर जाऊन बसला. काकूंनी नगरपंचायतीत अर्ज दिला. अर्ज दिल्यावर हात सुपात घालून परत आणून दिला.

दुसऱ्या दिवशी भुसा निरीक्षक तोरसकर आले. त्यांनी दादाची उंची मोजली आणि वहीत लिहिली.

"मयताचा भुसा काम करतो याला आमची हरकत नाही," ते म्हणाले. "तो हद्दीबाहेर जातो याला आहे. आठ दिवसांत धूळ ओढायची व्यवस्था करा. नाहीतर पडवी पाण्याने धुऊन काढावी लागेल."

"धुतल्यावर दादा कुठे जाईल?"

"गटारात. ते खातं वेगळं आहे."

"आणि व्यवस्था केली तर?"

"ड्रममध्ये. ड्रम घरात ठेवता येतो."

"ड्रममधून तो नऊ वाजता परत येईल?"

तोरसकरांनी वही चाळली. "झाकण घट्ट पाहिजे, एवढंच दिलंय."

मी वही हिसकावून घेणार होतो. दादा म्हणाला, "दिगू, साहेबांना चहा विचार."

ते गेल्यावर मी तडक बाजारात गेलो आणि हवा ओढायची मोटर, ड्रम आणि मिळाले ते पाईप आणले. नळाचे, दोन बोटं जाड, काटकोनातले सात कोपरे लावून. संध्याकाळपर्यंत सगळं जोडून टाकलं. मोटर सुरू केली, तर पाईपच्या तोंडाशी धरलेला कागदसुद्धा हलला नाही.

"मेल्या, पाणी न्यायचंय का तुला?" दादा म्हणाला.

"मेलायस तू," मी म्हणालो, आणि मग मला रडू आलं.

तो माझं रडणं संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "वाऱ्याला एवढी वळणं दिलीस तर तो दमतो, आणि भुसा कोपऱ्यात बसतो. जाड पाईप आण. वळण सावकाश दे. तोंड करवतीच्या जवळ ठेव. उडाल्यावर पकडू नये, उडायच्या आधी पकडावा. ड्रमात पाईप कडेने घाल, मधून नको. वारा गोल फिरला की जड ते खाली बसतं."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग केलं का नाहीस?"

"हातातलं काम संपू दे म्हणत होतो."

मग मी त्यालाही विचारलं, पंख्याचं. दादा खणाच्या फळीवर वाकला. "कड अजून एक सूतभर तासून काढ," म्हणाला.

सातव्या दिवशी नवे जाड पाईप लागले आणि खण फडताळात बसला. वहिनीने तो तीनदा उघडला, तीनदा मिटला. "सोळा वर्षं मी मागत होते," ती भुशाकडे बघून म्हणाली. "आता काय ठेवू त्यात?"

"आमसुलं ठेव," दादा म्हणाला. वहिनी हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

आठव्या दिवशी तोरसकर काळा कागद घेऊन आले. कागद बाकावर ठेवायचा, तासभर यंत्र चालवायचं, कागदावर कण दिसता कामा नये, असा नियम होता. पंखाही सुलटा पाहिजे, म्हणाले. मी स्टुलावर चढलो, चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले. गेल्या वर्षी लागला तेवढाच वेळ लागला.

"बटण दाब," दादा म्हणाला.

"तू दुसरं काही काम काढ. मी दाबत नाही."

"धाकट्याचं काम काय?"

"झाडायचं."

"मग झाड की."

मी बटण दाबलं. आधी सागाचं डोकं गेलं, मग पिवळे खांदे. डावा हात सुपातला होता, त्याला जरा वेळ लागला. तासाने कागद कोरा निघाला. तोरसकरांनी सही केली आणि झाकण स्वतः ओढून बघितलं.

बाकाच्या पायाशी चिमूटभर भुसा उरला होता. तो मी केरसुणीने सुपलीत घेतला, झाकण उघडून ड्रमात घातला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

वहिनी दारात उभी होती. "आत उकडेल त्यांना," ती म्हणाली.

मी ड्रम ओटीवर आणला, वहिनीकडून हातपंखा घेतला आणि शेजारी बसून वारा घालत राहिलो. झाकण बंद होतं, त्यामुळे काही उडालं नाही.