भांडण बंद पडलं!

“आमच्या घरात एकही वस्तू न सांगता बंद पडत नाही!” असं फोरमन चारचौघांत छाती ठोकून सांगायचा, आणि ते खरंही होतं. लोकांकडे नेमके पाहुणे आले की मिक्सर जळतो, अंगाला साबण लावला की गीझर मान टाकतो. फोरमनच्या घरी असली दगाबाजी चालत नसे. कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल त्याच्याकडे होती आणि तिथली पद्धत त्याने जशीच्या तशी घरी आणली होती. प्रत्येक वस्तूवर एक गोल स्टिकर. हिरवा म्हणजे लाइफ भरपूर आहे. पिवळा म्हणजे लाइफ संपत आलंय, नवीन आणून ठेवा. लाल म्हणजे लाइफ संपलं, आजच्या आज काढा!

मिक्सरवर स्टिकर, पंख्यावर स्टिकर, चपलांवर स्टिकर, दात घासायच्या ब्रशांवरसुद्धा स्टिकर! एकदा मुलीची मैत्रीण घरी आली, सोफ्यावर टेकून तासभर गप्पा मारल्या आणि पाठीला पिवळा स्टिकर घेऊन कॉलेजात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मुलगी बापाशी धड बोलत नव्हती.

“बाबा, तुमच्यामुळे मला काही लाइफच राहिलेलं नाही!”

“माझ्यामुळे गीझरला लाइफ आहे, म्हणून तू गरम पाण्याने अंघोळ करतेस!”

बायकोचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध होता. “बेअरिंगला लाइफ असतं. माणसाला जीव असतो. तुम्हाला दोन्हीतला फरक कधी कळणार?” असं ती म्हणायची आणि मग भांडण सुरू व्हायचं. दोघं रोज भांडत. भांडण मोठं नसे, पण चुकत नसे. सकाळी चहातल्या साखरेवरून पेटायचं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या भावावर येऊन थांबायचं. या भावाचा, म्हणजे फोरमनच्या मेव्हण्याचा, एकच गुण सांगण्यासारखा होता. त्याने नेलेली वस्तू आजवर परत आलेली नव्हती. फोरमनचं ड्रिल मशीन त्याच्याकडे इतकी वर्षं होतं की आता ते त्याचंच आहे असं तो लोकांना सांगत असे.

तर अशा या फोरमनला एक दिवस जिना चढताना छातीत धडधडलं. डोकं जड झालं, कानशिलं तापली. बायको त्याला ओढतच नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. कपाळाला आठ्या घातल्या. परत भरली, परत सोडली.

“काय हो डॉक्टर?”

“काही नाही. तुम्ही जरा बाहेर बसा. वहिनी, तुम्ही थांबा दोन मिनिटं.”

झालं! माणसाला धीर द्यायचा असला तर डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात, आणि ज्याचं काही खरं नाही त्याला बाहेर बसवतात, एवढं फोरमनलाही कळत होतं. बाकावर बसून तो दुधी काचेकडे बघत राहिला. पलीकडे बायकोची सावली मान हलवत होती. हो, हो, हो. ही बाई कुणाच्याही बोलण्याला तीनदा हो म्हणत नाही!

ती बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“काही नाही. चला.”

अर्ध्या रस्त्यात फोरमनच्या लक्षात आलं की घराची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली. त्याने घाबरत घाबरत सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. ‘डोकं तरी आणलंत का, की तेही टेबलावर?’ हे वाक्य आता येणार होतं. ते वीस वर्षं येत होतं.

“असू दे. होतं असं,” बायको म्हणाली. “तुम्ही सावलीत थांबा, मी आणते.”

फोरमनला भर उन्हात थंडी वाजली. वर्षानुवर्षं खडखड करणारं यंत्र अचानक गप्प झालं तर त्याचा अर्थ काय होतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्याने चाचणी घेतली. चहाचा घोट घेतला आणि कप खाली आपटला. “हा काय चहा आहे? भांडी विसळलेलं पाणी बरं!”

बायकोचे ओठ थरथरले. मग ती म्हणाली, “हो का? दुसरा करते.”

मुलीने तर टीव्हीचा रिमोट स्वतः आणून त्याच्या हातात ठेवला. “बाबा, तुम्हाला हवं ते बघा.” हा रिमोट या घरात आजपर्यंत हिसकावल्याशिवाय कुणाला मिळालेला नव्हता! फोरमन तो हातात धरून बंद टीव्हीकडे बघत बसला. आपलं काही खरं नाही. यांना माहीत आहे, आणि हे आपल्याला सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने वेल्डरला बाजूला घेतलं. वेल्डर जुना, भरवशाचा माणूस. गेल्याच वर्षी त्याचे वडील गेले होते.

“काय रे, तुझे वडील आजारी होते तेव्हा घरचे त्यांच्याशी कसे वागत होते?”

“फार प्रेमाने, साहेब! जन्मभर आईचं आणि त्यांचं हाडवैर. पण शेवटी शेवटी आई त्यांना एका शब्दाने दुखवत नव्हती. म्हणतील त्याला बरं म्हणायची.”

“आणि रिमोट?”

“रिमोट उशाशीच होता त्यांच्या.”

आपल्याला झालंय तरी काय, एवढं तरी कळायला हवं! बायको सांगत नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पण यंत्रात बिघाड कुठे आहे हे शोधायला फोरमनला आजवर कुणाला विचारावं लागलेलं नव्हतं. त्याने आपला लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्टोअरच्या खोलीत शिरला. बेअरिंग तपासायची त्याची ठरलेली रीत होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची. आतली खरखर स्पष्ट ऐकू येते. त्याने शर्टाची बटणं सोडली, टोक छातीवर टेकवलं आणि मुठीपर्यंत कान न्यायला मान वाकडी केली. कान काही पोचेना. म्हणून त्याने मूठ दोन्ही हातांत घट्ट धरली, डोळे मिटले आणि जोर लावला.

तेवढ्यात वेल्डर आत आला.

“साहेब! साहेब, नको! असं काही करू नका!” त्याने झडप घालून स्क्रूड्रायव्हर हिसकावला. “वहिनींचा तरी विचार करा!”

“अरे, मी फक्त आतलं बघत होतो!”

“आतलं कसलं बघताय!” वेल्डरच्या डोळ्यांत पाणी आलं. “घरी जा तुम्ही. मी फोन करतो वहिनींना.”

आणि त्याने खरंच केला. काय सांगितलं ते फोरमनला कळलं नाही, पण तो घरी पोचला तेव्हा दार आधीच उघडं होतं. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन उपसून पाहिली.

फोरमन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. ओट्यावर सुरी नव्हती. खिळ्यावर कात्री नव्हती. पलंगाखालची त्याची हत्यारांची पेटी, जी हलवायची कुणाची हिंमत नव्हती, तीही गेली होती. आरशापुढचं दाढीचं ब्लेडसुद्धा गायब! त्याला भडभडून आलं. अजून मी चालतोय, बोलतोय, आणि यांनी माझ्या वस्तू हलवायला सुरुवात केली? इतकी घाई?

त्याहून भयंकर प्रकार पुढच्या खोलीत होता. तिथे मेव्हणा बसला होता. त्याच्या मांडीवर ड्रिल मशीन होतं.

“भाऊजी, हे तुमचं,” तो खाली बघत म्हणाला. “बरेच दिवस द्यायचं राहिलं होतं.”

फोरमनने भिंतीचा आधार घेतला. आतापर्यंत मनात कुठेतरी थोडी आशा होती. ती तिथेच संपली.

पण माणूस जबाबदार होता. बंद पडायचंच असेल तर रीतसर पडू, असं त्याने ठरवलं. त्याने बायकोला हाताला धरून घरभर फिरवलं. “हा पाण्याचा मेन व्हॉल्व्ह. उजवीकडे फिरवला की बंद. हा विजेचा मेन स्विच, ओल्या हाताने लावायचा नाही. मी नसेन तेव्हा गीझरची कॉइल तू स्वतः बघायची. हा काय सांगेल त्यावर विसंबायचं नाही.” त्याने मेव्हण्याकडे बोट केलं. “हा एक नंबरचा आळशी, लबाड आणि फुकट्या आहे!”

बायकोने हात पुसायच्या फडक्याचा बोळा तोंडात कोंबला. मेव्हणाच पुढे झाला आणि म्हणाला, “बरोबर आहे भाऊजींचं.”

आता मात्र कडेलोट झाला! फोरमनने खिशातून स्टिकरांची गुंडाळी काढली, एक लाल स्टिकर सोडवला आणि आपल्या छातीवर डाव्या बाजूला चिकटवला. मग खुर्चीत ताठ बसला.

“सांगा आता. किती दिवस?”

बायको त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. आणि मग तिचा आवाज असा काही सुटला की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

“काढा ते! आधी काढा! स्वतःला लाल स्टिकर लावता? वीस वर्षं मी काय बेअरिंग सांभाळलं? माझा जीव इथे टांगणीला लागलाय आणि तुम्हाला नाटकं सुचतात! काल चहाला नावं ठेवलीत, मी गिळलं! माझ्या भावाला फुकट्या म्हणालात, मी गिळलं! आता मात्र एक शब्द गिळणार नाही! घासून घासून हात मोडतो त्या मिक्सरवरचा तुमचा स्टिकर काढताना! आणि किल्ली! डोकं तरी आणलंत का काल, की तेही टेबलावर?”

फोरमनचे डोळे भरून आले. किती गोड आवाज होता तो!

“पण मग डॉक्टर काय म्हणाले होते?”

“तुमचं प्रेशर थोडं वाढलंय म्हणाले! काळजी करण्यासारखं काही नाही, पण थोडे दिवस त्यांच्याशी वाद घालू नका, म्हणतील त्याला बरं म्हणा, आणि त्यांना सांगू नका, नाहीतर विचार करत बसतील!”

“एवढंच?”

“एवढंच! आणि तेवढ्यासाठी तुम्ही स्क्रूड्रायव्हर छातीत खुपसायला निघालात?”

“खुपसायला? अगं, मी खरखर ऐकत होतो!”

“कसली खरखर?”

“माझी!”

मग जे भांडण झालं त्याला तोड नव्हती. साखर, किल्ली, स्टिकर, स्क्रूड्रायव्हर, काही म्हणून सुटलं नाही. मुलीने मधूनच रिमोट हिसकावून घेतला. मेव्हणा हळूच उठला आणि ड्रिल मशीन काखेत मारून निघून गेला. फोरमनच्या जिवात जीव आला. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि जेवणालाही नावं ठेवली.

सकाळी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि हसले. “अगदी उत्तम! बघा वहिनी, मी सांगितलं होतं ना, घरात शांतता ठेवली की झालं!”

बायकोने फोरमनकडे पाहिलं, फोरमनने छताकडे.

“आता आलाच आहात, तर तुमचंही बघून टाकू,” डॉक्टर म्हणाले. पट्टा बायकोच्या दंडाला बांधला. हवा भरली, सोडली. कपाळाला आठ्या आल्या. परत भरली, परत सोडली.

“वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा.”

दार लागल्यावर डॉक्टर फोरमनकडे झुकले. “काळजीचं काही नाही. पण या दोन दिवसांत त्यांनी बरंच मनात कोंडून ठेवलेलं दिसतंय. थोडे दिवस त्यांच्याशी वाद घालू नका. म्हणतील त्याला बरं म्हणा. आणि त्यांना काही सांगू नका.”

फोरमनने तीनदा मान हलवली आणि बाहेर आला. बायको बाकाच्या कडेवर बसली होती.

“काय म्हणाले?”

“काही नाही. चल.”

ती उठली. दोघं रस्त्याला लागले. मग तिने घसा साफ केला. “घरी गेल्यावर ते सगळे स्टिकर काढून टाकायचे. एकूण एक! मला माझ्या घरात एकही नको.”

फोरमनच्या तोंडाशी आलेलं उत्तर इतकं मोठं होतं की गिळताना ठसका लागला. पण गिळलं.

“बरं,” तो म्हणाला.

बायको रस्त्यातच थांबली. डॉक्टरांची युक्ती तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक होती? कालपर्यंत तीच तर ती राबवत होती! तरीही तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तिने फोरमनचं मनगट घट्ट धरलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

“अहो, खरं सांगा हं. किती दिवस?”