पेट्रोल वाचवणारी डबी

मोबाइलवरच्या जाहिराती बघू नयेत, हे मला कळतं. (वळत नाही, हा वेगळा मुद्दा.) एका रविवारी अशीच एक बघितली. काडेपेटीएवढी डबी, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायची, की पेट्रोल वीस टक्के वाचतं. कोलकात्याच्या गार्डन रीचमधल्या रेल्वे ऑफिसात दुसऱ्यांच्या मागण्या महिनोन् महिने अडवून ठेवणारा माणूस मी. स्वतःची मागणी मात्र दीड मिनिटात मंजूर केली.

डबी आली, लावली. तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि मला भरून आलं.

"अहो, हा दिवा करतो काय?" वासंतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"इंजिनाला काटकसर शिकवतो."

"मी तीस वर्षं तुम्हाला शिकवतेय. तुमचा दिवा काही लागला नाही."

डबीसोबतच्या कागदावर 'उत्तम परिणामासाठी' सूचना होत्या. गाडी पंचेचाळीसच्या वर नेऊ नये, एसी बंद ठेवावा, सिग्नलला इंजिन बंद करावं. मी त्या व्रतासारख्या पाळल्या. ऐन मे महिन्यात, कोलकात्यात! महिनाभरात लिटरला बारा देणारी गाडी पंधरा द्यायला लागली. मी ऑफिसात दिसेल त्याला डबीची लिंक पाठवली. शेजारच्या टेबलावरच्या घोषालबाबूंना तर दोनदा.

आणि एका शुक्रवारी सकाळी पुण्याहून जावईबापूंचा फोन आला. आमच्या सानिकाला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. वासंतीला दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं.

"टॅक्सी बोलवा," ती म्हणाली.

"दारात इतकी गुणी गाडी असताना?" मी म्हणालो.

निघालो. पंचेचाळीसच्या वेगानं. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद, मग चालू, मग पुन्हा बंद. रिक्षासुद्धा आम्हाला मागे टाकत होत्या. वासंती पदरानं घाम पुसत घड्याळ बघत होती.

"अहो, आज तरी दामटा जरा!"

"अॅव्हरेज बिघडेल." (हे मी खरोखर बोललो. लिहितानाही लाज वाटतेय.)

लेक टाउनच्या सिग्नलला चावी फिरवली, तर गाडी नुसतं 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. या वेळी 'टक्'ही नाही. हिरवा दिवासुद्धा विझला.

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. सगळ्यात मोठा हॉर्न अगदी मागच्या निळ्या गाडीचा. तिच्यातून पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरून तरातरा आल्या. आता शिव्या बसणार, म्हणून मी घाईघाईनं माझ्या मोडक्या बंगालीत सांगून टाकलं, "बाळ होतंय! विमान! गाडी मेली!"

बाईंनी झटकन मागचं दार उघडलं. आत सुटकेस कवटाळून बसलेली छप्पन्न वर्षांची वासंती.

"ह्यांना?" बाई किंचाळल्या.

वासंतीनं हिंदीत सगळा खुलासा केला. बाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. सुटकेस उचलली, वासंतीला आपल्या गाडीत बसवलं आणि माझ्या गाडीला वळसा घालून निघूनही गेल्या. त्या सेनगुप्ताबाई, निवृत्त शिक्षिका, हे मला नंतर वासंतीकडून कळलं. तेव्हा मी नमस्कार करायचाही विसरलो होतो.

पलीकडच्या क्लबातली चार माणसं कॅरम सोडून धावत आली. "हेइयो!" म्हणत त्यांनी गाडी कडेला लावली, मला खुर्ची दिली, लिंबाचा चहा पाजला. मी आजोबा होणार हे कळल्यावर एकानं हातावर संदेश ही बंगाली मिठाई ठेवली. मी मात्र फोनकडेच बघत होतो. वासंती पोचली नाही तर? सानिका सकाळपासून आईचा धोसरा काढून होती.

पाऊण तासानं फोन वाजला. "आत आले हो. बाई दारापर्यंत आल्या, मला आत सोडूनच गेल्या." "पोचली!" मी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. क्लबातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नात झाली. वासंती वेळेत पोचली होती. बाळाला पहिल्यांदा घेतलं तिनंच.

दुसऱ्या दिवशी निमाई मेकॅनिकनं निदान केलं. सिग्नलगणिक गाडी चालू-बंद करून जुन्या बॅटरीचा मी जीव घेतला होता. मग त्यानं डबी फोडली. आत एक दिवा, दोन वायरी आणि थोडा डिंक.

"दोष डबीत होता ना?" मी आशेनं विचारलं.

"दादा, आत काहीच नाही, तर दोष कुठून असणार?"

"पण पंधरा मिळत होते की!"

"हळू चालवलीत, एसी बंद ठेवलात, म्हणून मिळाले. कागद पाळायचा, डबी फेकून द्यायची. मात्र बॅटरी जुनी असली, तर सिग्नलला इंजिन चालू राहू द्या."

त्या दुपारी मिठाई घेऊन सेनगुप्ताबाईंकडे गेलो, क्लबात गेलो. नमस्कार केला, तो या वेळी अगदी वाकून. पण मनाला एक टोचणी होतीच. माझ्या शब्दावर विसंबून किती भल्या माणसांनी ती डबी घेतली असेल! सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या घोषालबाबूंसमोर हात जोडले.

"बाबू, माफ करा. ती डबी काढून टाका. आत काही नाही."

घोषालबाबूंनी माझे दोन्ही हात प्रेमानं धरले.

"माफी कसली? उलट मीच तुमचा आभारी आहे. घेऊ की नको, असं माझं चाललं होतं. तुम्ही शिफारस केलीत, आणि सबंध ऑफिसानं एकमतानं ठरवलं, घ्यायची नाही!"