शंभर पावलांचं काडतूस

एका जंगलात, जिथे अजून रस्ता गेला नव्हता पण बंदूक पोचली होती, रणधुमाळराव नावाचा वाघ राहत असे. दात पडल्यामुळे त्याने एका पळून गेलेल्या शिकाऱ्याची रायफल उचलली होती. ही बातमी ऐकून चितळांच्या कळपाने आपला म्होरक्या ठिपकोजी याला रदबदलीला धाडलं.

ठिपकोजी गुहेपाशी आला. पाहतो तर वाघ काडतुसं भरत बसलेला. तराजूच्या एका पारड्यात गुंजेचे दाणे, दुसऱ्यात बंदुकीची दारू.

"तयार काडतुसं नाही का मिळत, महाराज?"

"बाजारचा माल!" वाघ म्हणाला. "प्रत्येकात दारू कमीजास्त. ही घरी भरलेली बघ."

त्याने सागाच्या खोडावरून काढून आणलेला निशाणाचा कागद दाखवला. शंभर पावलांवरून पाच गोळ्या. पाचही भोकं एका पंजाखाली झाकली जात होती.

एवढ्या अचूक नेमाने चितळ आरामात मरतं, हे मुलांनो, तुम्हालाही कळलं असतं. ठिपकोजीला जरा जास्तच कळलं. तरी तोंडून निघालं, "वा! फक्त ते डावीकडचं भोक जरा फटकून आहे, नाही?"

वाघाचा चेहरा उतरला. "माझ्याही मनात तेच खुपत होतं."

त्या दिवसापासून ठिपकोजी रोज सकाळी येई, कागद निरखी आणि एक खोट काढी. वाघ कधी अर्धी गुंज दारू घटवी, कधी गोळी केसभर आत बसवी, आणि सगळं वहीत टिपून ठेवी. कळप निवांत चरू लागला. वाघीण ओढ्यातून खेकडे आणी.

"अहो, गुंजा कसल्या मोजता? पोरांच्या बरगड्या मोजा! जेवण रोज आपल्या पायांनी दारात येतंय!"

"हळू बोल. ते आमचे परीक्षक आहेत."

एके दिवशी मात्र पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या. ठिपकोजीने कागद उलटा धरला, उन्हात धरला. खोट सापडेना. वाघाने बंदूक त्याच्याकडे वळवली.

आणि थबकला.

"तू चार पावलांवर उभा आहेस. हे काडतूस शंभरासाठी जुळवलंय."

"मग मागे सरकू का, महाराज?"

"सरक. शहाण्णव पावलं. नीट मोज."

ठिपकोजीने अगदी नीट मोजली. पावलं कुणाची धरायची एवढंच ठरलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या उड्या धरल्या. शहाण्णवावी उडी नदीपलीकडे पडली.

वाघाने वही उघडली आणि लिहिलं, 'यापुढे अंतर आपल्या पंजाने मोजावे.' वाघिणीने खेकडा पुढे सरकवला.

तात्पर्य : शत्रूच्या हाती बंदूक आली, तर तिला नावं ठेवू नयेत. 'छान आहे, पण अजून सुधारणेला वाव आहे,' एवढंच म्हणावं आणि चरत राहावं.