पाहण्यासारखे ठिकाण क्रमांक दहा

आमच्या बेटावर पाहण्यासारखी ठिकाणे दहा असावीत, असा पर्यटन कार्यालयाचा नियम आहे. त्यांतली पाच निसर्गाची, पाच संस्कृतीची. निसर्गाने आपला वाटा वेळेवर पूर्ण केला. धबधबा (पावसाळ्यापुरता), वटवाघळांची गुहा, पांढऱ्या वाळूचा किनारा, अंडी घालायला येणारे कासव (उपलब्धतेनुसार) आणि एक टेकडी, जिच्यावरून बाकीची चार ठिकाणे दिसतात. संस्कृती मात्र चारवर अडली. दीपगृह, तोफ, जुना बाजार आणि हॉटेलच्या हिरवळीवर दर शनिवारी होणारा प्राचीन नाच. पाचवे वस्तुसंग्रहालय होते. त्याचे छप्पर गळायला लागल्यावर आतल्या वस्तू कार्यालयात हलवण्यात आल्या आणि तिथले कर्मचारी आता त्या वापरतात.

त्यामुळे पुस्तिका छापखान्यात अडकली होती. शेजारच्या बेटाची दहा ठिकाणे छापून वाटूनही झाली होती.

या सगळ्याशी माझा काही संबंध नव्हता. मी बोटींची इंजिने दुरुस्त करतो. माझी बायको सात महिन्यांपूर्वी गेली होती. या दोन गोष्टींत पर्यटकांनी येऊन पाहावे असे काही आहे, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

झाले असे की, पर्यटन अधिकाऱ्यांच्या लाँचचे इंजिन बंद पडले आणि लाँच ओढत माझ्या घरामागे आणावी लागली. तिथे समुद्राच्या काठाला माझी एक होडी उपडी पडलेली आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला भोक पडले. "येत्या रविवारी बुजवतो," असे मी बायकोला म्हणालो होतो. त्याला छत्तीस वर्षे झाली. आम्ही रोज संध्याकाळी त्या होडीवर बसून चहा घेत असू. "वेळेवर दुरुस्त केली असतीत तर बसायला जागा उरली नसती," असे ही म्हणायची.

साडेपाच वाजले तसा मी हातातले काम थांबवले, चहा केला आणि दोन कप घेऊन होडीकडे निघालो. अधिकाऱ्यांनी अर्थातच हात पुढे केला.

"अरे, कशाला उगाच त्रास घेतलात."

"नाही घेतला. हा तुमचा नाही."

"मग कोणाचा?"

"हिचा."

"हो का? कुठं आहेत वहिनी?"

"वारली."

अधिकाऱ्यांनी कपाकडे पाहिले. पांढरा कप, कडेला टवका उडालेला, आत बिनसाखरेचा चहा. साखर घातली की चहा कसा झालाय ते कळत नाही, असे तिचे म्हणणे होते.

"मग हा कप?"

मी खरे ते सांगितले. ती गेल्यावर पहिल्यांदा चहा टाकला तेव्हा हाताने सवयीने दोन कप पाणी घेतले. ओतल्यावर लक्षात आले. परत भांड्यात ओतायला मन झाले नाही. म्हणून दोन्ही कप घेऊन होडीवर येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तेच झाले.

अधिकाऱ्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला.

"म्हणजे दिवंगतांना सूर्यास्तसमयी पेय अर्पण करण्याची प्रथा."

"प्रथा कसली, साहेब. चूक झाली, ती चालू ठेवली."

"प्रथा अशाच सुरू होतात. किती जुनी आहे?"

"सात महिने."

"सात महिने बसत नाही हो. इथं किमान शंभर वर्षं लागतात." त्यांनी जरा विचार केला. "सातशे वर्षं लिहितो. सात तुमचेच आहेत."

"आणि हे नंतर बदलता येईल?"

"येईल की. पुढच्या आवृत्तीत."

इंजिन अर्धे उघडे होते, बोटांना ग्रीस होते आणि हिचा चहा निवत चालला होता. मी सही केली. त्या कागदावर अजून माझ्या अंगठ्याचा काळा डाग आहे. तो अस्सलपणाचा पुरावा म्हणून पुस्तिकेत छापला आहे.

पुस्तिका आली. 'क्रमांक दहा : उपड्या होडीवरचा चहा. सातशे वर्षांची जिवंत परंपरा.' शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी कार्यालयाला पत्र लिहिले की बेटावर चहा येऊन दीडशे वर्षेही झालेली नाहीत. पहिली साडेपाचशे वर्षे चहाची वाट पाहण्यात गेली असावीत, असे उत्तर आठवडाभरात आले.

मग माणसे यायला लागली. सुरुवातीला एक नवे जोडपे आले. गप्प बसले, गप्प गेले. मला ती दोघे बरी वाटली. त्यानंतर बस आली. "काका, जरा सरकता का? फोटोत तुमचं कोपर येतंय." मी सरकलो. दर आठवड्याला थोडा थोडा सरकत मी होडीच्या टोकाला पोचलो आणि हिच्या जागेवर रोज वेगळे कोणीतरी बसू लागले.

गर्दी वाढल्यावर तपासणी आली. तपासनीस बाई हातात पुस्तिका आणि तपासणीचा तक्ता घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मी चहा पीत असताना एकेका ओळीवर खुणा करत गेल्या.

"तुम्ही डोळे मिटत नाही."

"मिटले तर चहा सांडेल."

"आणि बोलता काय होता मघाशी?"

"पंपाचा वॉशर मिळत नाहीये, ते हिला सांगत होतो."

"पाहुण्यांना त्यातून काही पोचत नाही."

"त्यांना कुठं सांगत होतो?"

बाईंनी 'सहकार्याचा अभाव' या ओळीवर खूण केली. कपांच्या जागी करवंट्या वापराव्यात, असा आदेश निघाला. हिचा कप 'मूळ वस्तू' म्हणून जतनासाठी कार्यालयाने ताब्यात घेतला. महिन्याभराने मी चौकशीला गेलो तेव्हा तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर व्यवस्थित जतन केलेला होता. त्यात पेने होती.

पुढे परवाना आला. परंपरेची गुणवत्ता टिकावी म्हणून ती फक्त परवानाधारकाने पाळावी, असे ठरले. परवान्यासाठी परीक्षा होती. मीही बसलो. शोकाचे सादरीकरण, शंभर गुण. मला एकतीस पडले. 'उमेदवाराचा चेहरा सपाट. विषयाचा अनुभव जाणवत नाही,' असा शेरा होता. पहिला आला आमचा पोस्टमन. त्याला दाढी शोभते आणि हुकमी रडता येते. त्याची बायको ठणठणीत आहे. निकालाच्या दिवशी ती भर रस्त्यात मला म्हणाली, "भाऊजी, ऐकलंत का? हा माणूस रोज पावणेसहाला मला मारणार आणि साडेसातला मलाच जेवायला मागणार!"

पोस्टमन मात्र ओशाळला होता. टोपी हातात धरून तो माझ्याकडे आला.

"दादा, टपाल कमी झालंय. म्हणून घेतली नोकरी. तुमच्या मनात काही असेल तर बोला."

मनात बरेच होते. पण इंजिनाच्या माणसाला ठाऊक असते, सगळे सुटे झाले तरी एक भाग जागेवर ठेवला की पुढचे जुळवता येते.

"रड, डोळे मिट, करवंटी धर. काय करायचं ते कर," मी म्हणालो. "फक्त हिच्या चहात साखर घालू नकोस."

"शब्द देतो, दादा."

त्या दिवसापासून मी घरी एकच कप करू लागलो. हिचा तिकडे होतच होता. दोन ठिकाणी ती कुठे जाणार?

मग कुंपण झाले. पाच ते सात स्थानिकांना प्रवेश बंद. स्थानिकांमुळे स्थानिक वातावरणाला बाधा येते. माझ्या घराचे मागचे दार त्या वेळेत बंद ठेवण्याची नोटीस आली, कारण दोरीवरचा लेंगा फोटोत दिसत होता. मी अर्ज केला : विषय, स्वतःच्या होडीवर बसण्याबाबत. उत्तर आले नाही. पुन्हा केला. कार्यालयात विचारले तर साहेब सौजन्याने म्हणाले, "तुमचं प्रकरण पुढच्या आवृत्तीला जोडलंय."

सुट्टीला लेक आली. ती मोठ्या शहरात राहते, म्हणून नियमाने पाहुणी ठरली आणि तिला प्रवेश मिळाला. कार्यक्रमाच्या शेवटी दुसरी करवंटी रांगेतल्या एका पाहुण्याला प्यायला देतात. 'दिवंगतांशी संवाद' असे त्याला नाव आहे. पोस्टमनने ती माझ्या लेकीच्या हातात दिली. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. तिने एक घोट घेतला आणि तिथूनच माझ्याकडे वळून पाहिले.

बाहेर आल्यावर ती थेट माझ्याकडे आली. मग म्हणाली, "बाबा, फिका होता."

"मग?"

"आईचाच होता."

त्या दिवशी मला वाटले, चालेल. जागा गेली, वेळ गेली, कप गेला. पण जगात कुठेतरी रोज एक कप चहा तिच्या मनासारखा होतो आहे. तेवढ्यावर माणूस राहू शकतो. मी अर्ज करणे सोडून दिले.

पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमन पुन्हा आला. या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि वेळ पावणेसहाची नव्हती. काखेत पाहुण्यांची सूचनावही होती. त्याने एक पान उघडून माझ्यापुढे धरले.

तुम्ही आला होतात ना मागच्या महिन्यात? दहाही ठिकाणे दीड दिवसात उरकलीत. कासव दिसले नाही म्हणून तुम्ही थोडे नाराज होतात. त्यात तुमची चूक नाही. तुमचे अक्षर छान आहे. पाचपैकी चार तारे दिलेत आणि खाली मनापासून लिहिलेत : 'जागा सुंदर. दाढीवाला म्हातारा फार भावपूर्ण. डोळे भरून आले. चहा मात्र फिका होता, साखर घालावी.'

माझ्या अर्जांना चौदा महिने झाले. पाहुण्यांच्या सूचनेची दखल कार्यालय तीन दिवसांत घेते.

आता दोन चमचे घालतात. पुन्हा याल तेव्हा अवश्य घेऊन बघा. अगदी तुम्हाला हवा तसा झाला आहे.