बोलू नका, सरकवा

काटकर सर रिक्षात बसले की कॉम्प्युटरचा मॉनिटर लेकरासारखा मांडीवर घेत. वरून स्वतःची शाल. खड्डा आला की सर उडत, मॉनिटर उडत नसे. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, "सर, बाळ किती म्हयन्याचं हाय?"

"अजून रांगतंय," सर म्हणाले.

सर आम्हाला कराडच्या कॉलेजात शिकवत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सरांसमोर माझी जीभ अडखळे. पण त्यांचं एकच पालुपद, "बोलू नका, सरकवा!" शंका विचारली की ते टेबलावर खडू मांडत आणि आम्हाला सरकवायला लावत. मेसमध्ये मीठही असंच मागत.

आमच्या मलकापुरातल्या घरांच्या ओळीतून नवा रस्ता जाणार होता. आमचं आणि शेजारच्या साळूकाकूंचं, दोन्ही घरं पडणार होती. कागदावरचा नकाशा कुणालाच उमगत नव्हता. मी सरांना कसंबसं सांगितलं. सरांनी गल्ल्या पायी फिरून सगळी वस्ती कॉम्प्युटरवर चढवली, दारांच्या रंगांसकट. माउसनं धरलं की घर, झाड, रस्ता काहीही सरके. कोपऱ्यात काही जादा घरंही होती, कुणाला नवं बांधायचं असलं तर.

समाजमंदिरात मॉनिटर मांडला. पण रस्त्याला कुणी हातच लावेना. गल्लीतल्या तात्यांनी माउसनं कचराकुंडी उचलून भावकीतल्या अण्णांच्या दारात ठेवली. अण्णांनी ती तात्यांच्या दारात नेली.

"आवं, कुंडी हाय का पालखी?" साळूकाकू कडाडल्या. त्यांनी माउस हिसकावला, रस्ता धरला आणि बंद गुऱ्हाळाच्या मागून नेला. एकही घर गेलं नाही. मग एकच गलका!

रस्त्याच्या सरकारी योजनेचे साहेब पाहायला आले, तेव्हा काकूंनी त्यांच्याच हातात माउस दिला. "बोलू नगासा सायेब, सरकवा." साहेबांनी रस्ता बराच मागेपुढे करून पाहिला. शेवटी गुऱ्हाळामागचीच वाट कायम झाली. त्या संध्याकाळी हलगी कडाडली. तात्या आणि अण्णा एकमेकांना गुलाल फासत होते.

सर शाल घेऊन मॉनिटर गुंडाळायला लागले. काकूंनी विचारलं, "सर, ह्यात तुमचं घर कंचं?"

"माझं नाही. मी हॉस्टेलच्या खोलीत राहतो."

"आन् घरची माणसं?"

सर वायर गुंडाळत राहिले.

"लाव रं ते परत," काकू मला म्हणाल्या. कोपऱ्यातलं एक घर धरून त्यांनी स्वतःच्या दाराशेजारी आणून ठेवलं. सर काहीतरी सांगायला गेले.

"बोलू नगासा," काकू म्हणाल्या, आणि ते घर त्यांनी आणखी थोडं जवळ सरकवलं.