ध्यानसाहित्य (शोषक)

मूल जन्माला आले की घरात आनंद येतो, हे सर्वमान्य आहे. तो येऊनही दिसत नसेल तर दोष घराचा असतो, हे आमच्या नगराने पाहणी करून सिद्ध केले. ‘आपण उदास का आहात?’ या प्रश्नाला बहुसंख्य नव्या आईबापांनी ‘पैसे पुरत नाहीत’ असे उत्तर दिले. ते दिलेल्या पर्यायांत नसल्यामुळे ‘अन्य व संकीर्ण’मध्ये जमा करण्यात आले. उरलेल्या उत्तरांवरून असा निष्कर्ष निघाला की पालकांना श्वास घेता येत नाही. (म्हणजे नीट, पोटातून.) तातडीने ‘नवपालक प्रसन्नता केंद्र’ सुरू झाले.

याच नगरात लाँड्रीत काम करणारा एक इस्त्रीवाला राहत होता. बायको बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची. त्यांना मुलगी झाली आणि आवाजावरून शेजाऱ्यांनी तिचे नाव ‘भोंगा’ ठेवले. बाळाच्या गरजा दोघांनी मोठ्या आटोपशीरपणे भागवल्या. पाळणा म्हणून लाँड्रीतली कपड्यांची जुनी टोपली आली. लंगोटांसाठी हॉटेलांनी टाकून दिलेल्या चादरी आल्या. बाप त्या लंगोटांना अशी कडक इस्त्री मारायचा की भोंग्याइतकी टापटीप व्यक्ती त्या गल्लीत दुसरी नव्हती. (हा रुबाब सरासरी दहा मिनिटे टिके.)

अडचण आली ती आईची रजा संपत आल्यावर. सोमवारी कामावर हजर झाली नाही तर तिची जागा दुसरीला मिळणार होती. कामावर जायचे तर भोंगा पाळणाघरात ठेवायला हवा. आणि पाळणाघराचा नियम होता की विकतचे डायपर रोज सोबत द्यावेत, कापडी लंगोट चालणार नाहीत. नियम आरोग्याचा होता, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. म्हणजे डायपरसाठी पगार हवा, पगारासाठी काम, कामासाठी पाळणाघर आणि पाळणाघरासाठी डायपर. कुठूनही गळती नसलेली इतकी पक्की व्यवस्था डायपर बनवणाऱ्यांनाही अजून साधलेली नाही.

एका दुपारी इस्त्रीवाला जेवायला घरी आला, तर बायको लंगोटांच्या बादलीसमोर नुसती बसलेली. टोपलीत पोर किंचाळत होती.

“अगं, पोरगी रडतेय.”

“हो का?” ती बादलीकडे बघतच म्हणाली. “मला वाटलं, मीच रडतेय.”

इस्त्रीवाला घाबरला. जेवण तसेच झाकून ठेवून तो दोघींना थेट प्रसन्नता केंद्रात घेऊन गेला. तिथे नुकत्याच रुजू झालेल्या समुपदेशक बाई होत्या. त्याला दुकानात परतायचे होते.

“मॅडम, एकदम हसवू नका हिला,” तो दारातून म्हणाला. “नुसतं बरं करा.”

केंद्राची सज्जता वाखाणण्याजोगी होती. सुगंधी मेणबत्त्या होत्या, टेबलावर मावणारे कारंजे होते, यंत्रातून समुद्राचा आवाज येत होता आणि भिंतीवर ‘हसरे पालक, हसरे बाळ’ असा कापडी फलक होता.

“ताई, स्वतःसाठी थोडा वेळ काढता का?” बाईंनी छापील प्रश्न विचारला.

“काढते ना. संडासात. दार उघडं ठेवून.”

“सगळ्यात जास्त आनंद कशाने होतो?”

“कडक ऊन पडलं की.”

“अरे वा, निसर्गाची आवड!”

“लंगोट वाळतात, मॅडम.”

पुस्तिकेतला पुढचा उपाय बाईंनी योजला. “बरं, डोळे मिटा. एका शांत जागेची कल्पना करा.”

आईने डोळे मिटले आणि ती त्या जागी तत्काळ रवाना झाली. थोड्याच वेळात घोरण्याचा आवाज समुद्रात मिसळला. ध्यानात गेलेल्या व्यक्तीस उठवू नये, अशी स्पष्ट सूचना असल्याने बाईंनी तिला उठवले नाही. मात्र भोंग्याला ही सूचना कळवलेली नव्हती. तो वाजला. बाईंनी त्याला खांद्यावर घेतले आणि लगेच त्यांचा खांदा भिजला. आईच्या पिशवीत होते ते सगळे लंगोट ओले. केंद्राच्या कपाटात मेणबत्त्या आणि ‘मनावरचे ओझे हलके करा’ ही पत्रके. (पत्रके गुळगुळीत कागदाची होती.) बाईंनी क्षणभर विचार केला, भिंतीवरचा फलक उतरवला आणि कात्री घेतली.

नेमके तेव्हाच पर्यवेक्षक साहेब तपासणीला आले.

“हे काय चाललंय?”

“सेशन, साहेब.”

“पेशंट कुठाय?”

“ती झोपलीय ना, ती.”

“आणि हे?”

“हेही त्याच केसमधलं.”

साहेबांनी वाकून पाहिले. भोंग्याच्या बुडावर ‘हसरे’ हा शब्द ठळक वाचता येत होता. योजना तळापर्यंत पोहोचल्याचा इतका सज्जड पुरावा त्यांनी साऱ्या नोकरीत प्रथमच पाहिला. ते समाधानाने शेरा मारून गेले.

आई दचकून उठली. “माझा भोंगा?” तो बाईंच्या खांद्यावर गाढ झोपला होता. तिने त्याच्या बुडावरचा फलक वाचला, हसली, आणि हसता हसता खूप रडली.

“मॅडम, मला वेडबीड लागलेलं नाही हो. सोमवारी कामावर जायचंय आणि डायपर नाहीत. एवढंच आहे.”

“कळलं मला,” बाई म्हणाल्या. “खांद्यापासून कळायला सुरुवात झाली.”

केंद्राला मेणबत्त्यांसाठी भरघोस तरतूद होती, डायपरसाठी मुळीच नव्हती. बाईंनी ‘ध्यानसाहित्य (शोषक)’ अशी मागणी पाठवली. हे नक्की काय असते ते वरच्या कुणालाच कळले नाही आणि तसे कबूल करायला कुणीच तयार नव्हते, त्यामुळे मंजुरी त्याच दिवशी आली. सोमवारी आई कारखान्यात हजर झाली. त्या दिवशी लाँड्रीतल्या सदऱ्यांना एकही चुकार घडी पडली नाही आणि इस्त्रीवाल्याने शीळ घातल्याची तक्रार शेजारच्या दुकानदाराने केली.

पुढे इतर आईबापही येऊ लागले. बाई पोरे सांभाळतात, आईबाप शांत जागेची कल्पना करतात आणि जाताना ध्यानसाहित्य घेऊन जातात. नगरातली प्रसन्नता इतकी वाढली की चौकशी बसली. ‘हा सर्व समुद्राच्या आवाजाचा परिणाम आहे,’ असा अहवाल देऊन साहेबांनी आणखी एक कारंजे मंजूर केले.

वाचकहो, आपणही मध्यंतरी कुणाचे तरी बाळ बघायला गेला होता. खुळखुळा नेला होता. चहा घेतला, नाक कुणावर गेले आहे यावर मत दिले, आणि नुकतेच झोपलेले बाळ उठवून त्याला हसायला लावले. निघताना दारात त्याच्या आईला म्हणालात, “काही लागलं तर हक्काने सांग हं.”

तिने काही सांगितले नाही. म्हणजे तिचे छान चालले आहे.